कडी आतून लागते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कल्याणच्या एक शिक्षिका मैत्रिणींबरोबर दर शनिवारी रात्री स्टेशनबाहेर जेवण वाटतात. तिकीट खिडकीजवळ बसणाऱ्या पस्तिशीच्या एका बाईंना त्यांनी तीनदा निवाऱ्यात नेण्याचा प्रयत्न केला. एकदा त्या दारापर्यंत आल्या आणि परत फिरल्या. पुढच्या वेळी अंगावर ओरडल्या. त्यांच्यावर पूर्वी अत्याचार झाला होता, असं शेजारच्या फुलवालीकडून कळलं. शिक्षिका विचारतात: रस्त्यावर इतका धोका असताना बाई छप्पर का नाकारते? आणि पोलिसांत का जात नाही? अत्याचारामुळे ती रस्त्यावर आली, की रस्त्यावर आल्यामुळे अत्याचार झाला? आणि माझ्यासारखीनं नेमकं काय करावं?

मी बावीस वर्षं मुंबई-ठाणे पट्ट्यात बेघर बायका आणि मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

तुमच्या पत्रातल्या एका ओझरत्या वाक्याशी मी थांबले: 'एकदा त्या दारापर्यंत आल्या आणि परत फिरल्या.' म्हणजे त्यांना छप्पर नकोच आहे असं नाही. त्या चालत आल्या, त्यांनी काहीतरी पाहिलं आणि मग ठरवलं. काय पाहिलं, ते आपल्याला माहीत नाही.

मला हे एका बाईनं शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून इथले आणि पुढचे तपशील बदलले आहेत.) पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कितीतरी आठवडे बोलून बोलून मी तिला एका निवाऱ्यात घेऊन गेले. गादी होती, पंखा होता, गरम वरणभात होता. तिनं गादीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ न्हाणीघरात गेली आणि दार ओढून घेतलं. बाहेर मला फक्त पत्र्यावर बोटं घासल्याचा आवाज येत होता. ती आतून दार चाचपत होती. आधी कुणीतरी आत कोंडून घेऊन स्वतःला इजा करून घेतली होती, म्हणून तिथल्या लोकांनी आतल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या होत्या. ती बाहेर आली, बोचकं उचललं आणि म्हणाली, "ताई, कडी भाईरनं हाय, आतनं न्हाई." आणि गेली. मी रजिस्टरमध्ये नोंद केली, 'निवारा नाकारला.'

ती नोंद चुकीची होती. सासरी तिला ज्या खोलीत ठेवायचे त्या खोलीची कडी बाहेरून होती, आणि रात्री ती कोण काढणार हे तिच्या हातात नव्हतं. हे मला पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं. तिनं निवारा नाकारला नव्हता, ती खोली नाकारली होती. त्या दिवसापासून कुठल्याही निवाऱ्यात गेले की मी आधी न्हाणीघराची कडी बघते.

आता आधी काय आणि नंतर काय, याबद्दल. बहुतेकांना वाटतं की बाई रस्त्यावर आली, रस्ता वाईट, म्हणून तिच्यावर अत्याचार झाला. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येच्या बाबतीत अत्याचार घरात सुरू झाला होता आणि रस्ता ही सुटका होती. कागदोपत्री आपण 'घरातून पळून आली' असं लिहितो. त्या मुलीला विचारलंत तर ती 'वाचले' म्हणेल.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली बाल अत्याचारांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतली 12 हजारांहून जास्त मुलं त्यात होती, महाराष्ट्र आणि गोवाही होते, आणि रस्त्यावर राहणाऱ्या मुलांचा वेगळा गट होता. 53 टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा त्यांच्यावर जबाबदारी असलेले होते. आणि अत्याचार झालेल्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं. हा शेवटचा आकडा मी प्रशिक्षणात सांगते तेव्हा अजूनही लोक मला पुन्हा विचारतात, मुलगे म्हणालात का? हो, मुलगे.

पण अत्याचार झालेलं प्रत्येक मूल घर सोडत नाही. बहुतेक मुलं सोडत नाहीतच. माझ्याकडे आलेल्या मुलांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. मूल गाडीत बसतं तो दिवस बहुधा अत्याचाराचा नसतो. त्यानं कुणाला तरी सांगितलेलं असतं, आईला, आजीला, कधी शाळेत, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत ते निघतं. 'काका असं कसं करतील?', 'बाहेर बोलू नकोस', 'तूच अंगचटीला गेली असशील.' एका अकरा वर्षांच्या मुलीनं मला सांगितलं की तिनं आईला सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. आईनं मान वर केली नाही. भाकरी उलटली, आणि म्हणाली, "बापाला कळलं तर मारून टाकंल, गप बस." त्या आईलाही जायला जागा नव्हती. मुलीला हे आता समजतं. तेव्हा तिला एवढंच समजलं की या घरात तिच्या बाजूनं कुणी नाही.

मोठ्या बायकांचं असं एका रात्रीत होत नाही. त्या टप्प्याटप्प्यानं रस्त्यावर येतात. सासर सुटलं की माहेर. माहेरी पंधरा दिवस बरे जातात, मग भावजयीची भांडी आपटायला लागतात. मग बहीण. मग चोवीस तासांचं घरकाम, जिथं झोपायला स्वयंपाकघरातली लादी मिळते आणि रात्री कोण पाणी प्यायला येईल ते सांगता येत नाही. मग एखादं देवस्थान किंवा दर्गा, कारण तिथं दोन वेळचं मिळतं आणि कुणी काही विचारत नाही. शेवटी स्टेशन. या वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक मुक्कामी कुणीतरी आसऱ्याच्या बदल्यात काहीतरी मागतो. म्हणून 'आधी काय' याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. घरातल्या अत्याचारानं घर सुटतं, घर नसल्यानं पुढचा अत्याचार सोपा होतो, आणि त्या दुसऱ्यामुळे परत घर मिळण्याची वाट बंद होते. 'आता कोणत्या तोंडानं जाऊ?' हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं त्याची मोजदाद नाही.

स्टेशनवरचा एक दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे तुमच्या त्या बाई बसून का झोपतात ते कळेल. तुम्ही लिहिलं आहे की त्या आडव्या झालेल्या तुम्ही कधी पाहिल्या नाहीत, ट्यूबलाइटच्या अगदी खाली भिंतीला पाठ लावून बसतात. मध्यरात्री शेवटच्या लोकल गेल्या की फलाट रिकामे करतात. पहाटे चारच्या सुमारास पहिली गाडी येते. मधले तीन-साडेतीन तास पुलाखाली, रिक्षा स्टँडमागे, बंद दुकानाच्या फळीवर काढायचे असतात. बायकांना या तासांची भीती वाटते, म्हणून त्या रात्री जागतात आणि दुपारी झोपतात. लेडीज डब्यात, खिडकीला डोकं टेकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. दुपारची गाडी ही माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांची झोपायची खोली आहे. संध्याकाळी सहानंतर त्या पाणी पीत नाहीत, कारण रात्री शौचालय बंद असतं किंवा तिथं बसलेला माणूस असतो. त्यातून लघवीचे आजार होतात, ताप येतो, आणि डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी प्या.

तुमच्या बाई ट्यूबलाइटखाली बसतात, कारण उजेडात कुणी जवळ आलं तर दिसतं. पाठ भिंतीला, कारण मागून कुणी येऊ नये. ही जागा त्यांनी पूर्ण विचारानं निवडली आहे. त्या जागेची आखणी मला कुणी करायला सांगितली असती तर मीही तीच निवडली असती.

मग 'घरवाला'. फूटपाथवर एकटी राहणारी बाई बहुतेकदा काही आठवड्यांत कुणाबरोबर तरी राहायला लागते. तो दारू पितो, मारतो, तिचे पैसे घेतो, आणि तरी ती त्याला सोडत नाही. मदत करणारे इथं फार चिडतात. 'तिलाच तो हवा आहे' म्हणतात. तिनं जो हिशेब केला आहे तो मला एकीनं बोटांवर मोजून दाखवला होता: "हा एक हाय. तो नसला तर कोन कोन येतील ते मला म्हाईत न्हाई." एक ओळखीचा माणूस, नाहीतर कितीतरी अनोळखी. तिच्या समोर एवढेच दोन रस्ते होते. त्याला तिची संमती म्हणायचं का? मी म्हणत नाही. पण त्याला सोड असं सांगण्याआधी तिसरा रस्ता आपल्या हातात असला पाहिजे.

मुलग्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे कुणी बघत नाही. स्टेशनवर नवीन आलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी खायला घालणारा मोठा मुलगा किंवा माणूस असतो. दोन दिवसांनी तो किंमत वसूल करतो. मुलगा सोल्युशन (नशेसाठी हुंगायचा डिंकासारखा द्रव) हुंगायला लागतो तो त्यानंतर. आपण सोल्युशन बघतो, त्याच्या आधीचं बघत नाही. मुलग्यांना पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, संरक्षण मुलींइतकंच आहे, 18 वर्षांपर्यंत. पण अठरा पूर्ण झाली की प्रौढ पुरुषावरच्या बलात्कारासाठी आपल्या कायद्यात कलमच उरलेलं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा जुन्या दंड संहितेतलं 377 कलम गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. घरातून हाकलल्या गेलेल्या तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे. त्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची आहे. आमच्याकडे येणाऱ्या तृतीयपंथी मुलींना हे सांगताना मला प्रत्येक वेळी जड जातं.

आता मनाचं. आघात झालेलं माणूस रडेल, सांगेल, आधार मागेल अशी आपली समजूत असते. रस्त्यावर आघात तसा दिसत नाही. तो वास येणाऱ्या अंगासारखा दिसतो, चिडखोरपणासारखा दिसतो, किंवा वेडासारखा. ठाण्याच्या बाजूला एक बाई मे महिन्यात एकावर एक चार ब्लाउज घालायची आणि प्रत्येकाला आतून सेफ्टी पिना लावलेल्या असायच्या. मी एकदा मोजल्या, एकोणीस होत्या. लोक तिला वेडी म्हणायचे. पोरं दगड मारायची. तिला काही ऐकू येतं का, भास होतात का, हे आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नीट तपासलं. तसं काही नव्हतं. तिनं सांगितलं की एकोणीस पिना काढायला वेळ लागतो, तेवढ्यात ओरडता येतं. कित्येक बायका जाणूनबुजून आंघोळ करत नाहीत. अंगाला वास असला की माणसं दूर राहतात. आणि आपण निवाऱ्यात नेऊन पहिली गोष्ट काय करतो? आंघोळ घालतो, कपडे काढून घेतो, केस कापतो. स्वच्छतेसाठी करतो, पण तिनं वर्षानुवर्षं जमवलेलं संरक्षण एका तासात उतरवून ठेवतो, आणि तेही तिच्या अंगाला हात लावून.

काही जणी बोलता बोलता अचानक तिथं नसतात. डोळे उघडे असतात, नजर कुठंतरी भिंतीपलीकडे जाते, हाक मारली तरी उत्तर येत नाही. अत्याचाराच्या वेळी मनानं स्वतःला वाचवायला शोधलेली ही वाट असते. शरीर तिथं ठेवायचं आणि आपण निघून जायचं. पुढे ती वाट आपोआप उघडते, कधी एखाद्या वासानं, कधी बुटांच्या आवाजानं. पोलीस ठाण्यात जबाब देताना ती अशी निघून गेली की समोरचा लिहितो, 'उडवाउडवीची उत्तरे देते.' तारीख विचारली तर तिला सांगता येत नाही, पण त्या खोलीतल्या कॅलेंडरवर कोणत्या देवाचं चित्र होतं ते सांगेल. आघाताची आठवण अशीच साठते, तुकड्या तुकड्यांनी. त्यात भर म्हणून ही बाई वर्षानुवर्षं सलग चार तास झोपलेली नसते. नुसत्या जागरणानंसुद्धा माणूस संशयी होतो, विसरतो, अंगावर येतो.

खरा मनोविकार असलेल्या बायकाही रस्त्यावर असतात आणि त्यांच्यावरचा अत्याचार सगळ्यात कमी नोंदवला जातो, कारण त्यांचं कुणी खरं मानत नाही. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी उभं केलेलं माऊली सेवा प्रतिष्ठान अशाच स्त्रियांना सांभाळतं. त्यांच्यातल्या काही जणी पोटात मूल घेऊन तिथं पोहोचतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन मनोरुग्णांना रस्त्यावरून उचलून, बरं करून, त्यांच्या गावी पोहोचवते. त्या कामासाठी त्यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधानं माणूस सावरतो हे या दोन्ही ठिकाणी डोळ्यांनी दिसतं. माझं एवढंच म्हणणं आहे की आजार बरा झाल्यावर ती जे सांगते ते ऐकायला कुणीतरी बसलेलं असावं. 'आता बरी झाली' म्हणून फाइल बंद होते, आणि तिला आठवायला सुरुवात तिथून होते.

पोलिसांत का जात नाहीत, हेही तुम्ही विचारलं आहे. तक्रारीत नावाच्या पुढे 'राहणार' असतं. तिथंच ती अडखळते. शिवाय आपल्या राज्यात 1959 चा भीक प्रतिबंध कायदा अजून लागू आहे. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नाही आणि सार्वजनिक जागी भटकते, एवढ्यावरही तो लागू शकतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये या कायद्यातली बरीच कलमं तिथल्यापुरती रद्द केली, महाराष्ट्रात ती आहेत. ज्या गणवेशाकडे तिनं मदत मागायची तोच गणवेश तिला गाडीत घालू शकतो. चांगले अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत, रात्री दोनला फोन उचलणारे. पण त्या बाईला हे आधीपासून कसं माहीत असणार?

आणि निवारे. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलं की मोठ्या शहरांत एक लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास चालणारा निवारा हवा. मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटी धरली तर सव्वाशे होतात. प्रत्यक्षात आहेत ते त्याच्या जवळपासही नाहीत, आणि एकट्या बायकांसाठीचे तर बोटांवर मोजावे. मोजणीचंच बघा. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार बेघर आणि मुंबईत 57 हजारांच्या आसपास नोंदले गेले, तेही फेब्रुवारीच्या शेवटच्या एका रात्रीत मोजून. रात्री दिसायचं नाही हे जिचं जगण्याचं पहिलं सूत्र आहे ती त्या रात्री मोजणाऱ्यांना कशी दिसेल?

जे निवारे आहेत त्यांचे नियम ऐका. संध्याकाळी सातच्या आत या. गजरे विकणारीचा धंदा सातला सुरू होतो. आधार कार्ड आणा. दहा-बारा वर्षांच्या वरचा मुलगा चालणार नाही. कुठली आई त्याला बाहेर ठेवून आत झोपेल? ज्या वयात त्याला सगळ्यात जास्त धोका आहे त्याच वयात आपण त्याला आईपासून तोडतो. शेजारच्या खोलीत पुरुष, मध्ये प्लायवूड. रात्री तपासणीला कुणीही आत येऊ शकतो.

छप्पर म्हणजे सुरक्षितता, हे गृहीतच मुळात तपासायला हवं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर अत्याचार होत होते हे 2018 मध्ये बाहेर आलं, ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं बिहारमधल्या संस्थांची पाहणी करून अहवाल दिला म्हणून. तिथल्या प्रमुखाला 2020 मध्ये जन्मठेप झाली. हा गट बेघरांबरोबर काम करायला लागला तो मुंबईत, 2006 साली. आत राहणाऱ्यांशी एकांतात, घाई न करता बोलायचं, हे त्यांना इथल्या कामातून माहीत होतं. कागद आणि भिंती तपासणाऱ्यांना तोवर काही दिसलं नव्हतं. आपल्या राज्यात पनवेलजवळ कळंबोलीलाही गतिमंद मुलींच्या वसतिगृहात हेच घडलं आणि 2013 मध्ये शिक्षा झाल्या. रस्त्यावरच्या बायकांपर्यंत अशा बातम्या पोहोचतात. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर.

त्या पहिल्या बाईचं पुढे काय झालं ते सांगते. मी तिथल्या लोकांशी भांडले, मग एका सुताराला घेऊन गेले. त्यानं आतून लागणारी आणि गरज पडली तर बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी कडी बसवली. खर्च फार आला नाही. सात महिन्यांनी ती बाई दुसऱ्या स्टेशनवर दिसली. मी कडीचं सांगितलं. "बघून सांगते," म्हणाली. आली, आत गेली, लावली, काढली, पुन्हा लावली. मग मला म्हणाली, तू भाईरनं नाणं लाव बघू. मी लावलं, कडी फिरली. ती थोडा वेळ गप्प बसली. मला वाटलं, गेली परत. मग म्हणाली, "पर तू आधी हाक मारशील न्हवं?" मी हो म्हटलं. ती त्या रात्री राहिली. झोपली नाही, दाराजवळ बसून राहिली, पण राहिली. चौथ्या की पाचव्या रात्री आडवी झाली. काय घडलं होतं ते तिनं सांगायला सुरुवात केली ती अडीच वर्षांनी, कोथिंबीर निवडताना, आणि तेही माझ्याकडे न बघता.

तुम्ही काय करावं, त्याकडे येते.

तिला तिची हकिकत विचारू नका. फुलवालीनं सांगितलं हेही तिला कळू देऊ नका. दर शनिवारी त्याच वेळी जा आणि तिच्या समोर उभं न राहता बाजूला, हातभर अंतरावर बसा. तिच्या आणि वाटेच्या मध्ये येऊ नका. तुमचं नाव सांगा. पुढच्या शनिवारी येणार नसाल तर तेही आधी सांगून ठेवा. आघात झालेल्या माणसाला तुमच्या प्रेमळपणापेक्षा तुमच्या ठरल्या वेळेवर आधी विश्वास बसतो. फोटो काढू नका, जेवण वाटपाचासुद्धा नाही. अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं गुन्हा आहे, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही. अंगाला हात लावायचा तर आधी विचारा. मलमपट्टी करायची असेल तर कापूस तिच्या हातात द्या.

तिनं कधी स्वतःहून सांगितलं की काल-परवा काही घडलं, तर मात्र वेळ महत्त्वाची आहे. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते, तीही लवकर घेतलेली चांगली. सरकारी असो वा खाजगी, कुठल्याही रुग्णालयानं उपचार लगेच आणि फुकट केले पाहिजेत, एफआयआर झालेला नसला तरी. आंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील, तरी न्या. न धुतलेले कपडे असतील तर कागदाच्या पिशवीत घ्या, प्लास्टिकमध्ये नको. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण प्रौढ बाई तपासणीतल्या एखाद्या भागाला किंवा सगळ्याच तपासणीला नाही म्हणू शकते आणि तरीही तिला उपचार मिळतात. हे दारातच तिला सांगा. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून बाईला संबंधांची सवय आहे का ते बघणं) कुणी करू लागलं तर थांबवा. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी ठरवलं आहे. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत अत्याचार झालेल्या बायकांना आधार देणारे 'दिलासा' विभाग आहेत. पहिला 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाला. तिथल्या ताईंना अशा बायकांशी कसं बोलायचं ते ठाऊक असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र (अशा बायकांना सगळी मदत एका जागी देणारं सरकारी केंद्र) शोधा, किंवा 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. गर्भ राहिलेला असेल तर अत्याचारग्रस्त स्त्रीला 24 आठवड्यांपर्यंत कायद्यानं गर्भपात करता येतो.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही. घर नाही, पत्ता नाही, हे तक्रार न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. तुम्ही सोबत असाल तर तुमचा पत्ता संपर्कासाठी द्या. अत्याचारग्रस्तांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. बेघर बाईंच्या बाबतीत तो बँक खात्यापाशी अडतो, म्हणून खातं उघडण्याचं काम आधी हाती घ्या.

सांगणारं मूल असेल, अठराच्या आतलं, तर नियम बदलतो. कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. म्हणून मुलाला 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. 'मी हे एकाच माणसाला सांगणार आहे, का ते तुला सांगते' असं म्हणा आणि फोन त्याच्यासमोर करा. चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. 'घरी पाठवा' हा विचार सगळ्यांच्या मनात पहिला येतो. त्या घरात कोण आहे, हे मुलाला एकट्याला, शांतपणे विचारल्याशिवाय तो विचार कुणी अमलात आणू नये, यासाठी तुम्ही आवाज उठवा. परत पाठवलेली मुलं मी पंधरवड्यात त्याच फलाटावर पाहिली आहेत, आणि दुसऱ्या वेळी ती कुणालाच काही सांगत नाहीत.

तुमच्या बाईंना मनोविकार आहे असं वाटलं तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, विचारा. स्वतःला धोका होईल अशा अवस्थेत भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन रुग्णालयात नेणं, हे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पोलिसांचं कर्तव्य ठरवलं आहे. तेव्हा तुम्ही बरोबर जा. ओळखीचा एक चेहरा गाडीत असला की ती कमी घाबरते.

निवाऱ्याबद्दल त्यांना लगेच पुन्हा विचारू नका. पाच-सहा शनिवार जाऊ द्या. मग एकदा विचारा, "त्या दिवशी दारात काय बघितलंत?" उत्तर आलं तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि निवाऱ्याच्या प्रमुखांना नेऊन दाखवा. उत्तर आलं नाही तर तुम्ही स्वतः दिवसा तिथं जा. दारात उभ्या राहा. कोण बसलं आहे, त्याची खुर्ची कुठं आहे, गाद्यांकडे जाताना कुणाच्या समोरून जावं लागतं, रात्री दिवा चालू राहतो का, भिंतीकडेची गादी मागून घेता येते का, ते बघा. न्हाणीघरात जा, दार ओढून घ्या आणि आतून हात फिरवा. जे सापडेल ते मला कळवा. सुताराचा नंबर माझ्याकडे अजून आहे.